वेतन, स्वायत्तता आणि त्याग : पुण्यातील पदवीधरांची सेवाविषयक अपेक्षा (१८७३–१८९०)

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली व १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. या नव्या वर्गाला आपल्या धन्याकडून काय हवे होते, हा प्रश्न इतिहासलेखनात सहसा स्वतंत्रपणे विचारला जात नाही. सरकारी नोकरीचा मोह आणि तिच्याविरुद्ध उभा राहिलेला त्याग, अशी सोपी विभागणी करून तो मिटविला जातो. उपलब्ध घटनांचा क्रम लावून पाहिला असता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते.

सरकारी सेवेत वेतन व प्रतिष्ठा होती, यात शंका नाही. उणीव होती ती न्याय्य बढतीची आणि स्वातंत्र्याची. एल्फिन्स्टन महाविद्यालयात रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतच्या अध्यापकपदाचे काम हंगामी म्हणून पाहत असता १८७३ मध्ये त्या जागी पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली. सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णय १८७६ मध्ये झाला. लंडनला जाऊन परीक्षा देणाऱ्या हिंदी तरुणाची वाट त्यामुळे अधिकच अरुंद झाली. न्यायमूर्ती रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला व १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. त्यांच्या सार्वजनिक कार्याविषयीच्या संशयाची छाया या बदल्यांवर होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी रत्नागिरीच्या शाळेतील सरकारी नोकरीचा १८७९ मध्ये राजीनामा दिला.

या पार्श्वभूमीवर जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चिपळूणकर व टिळक यांनी पहिल्या वर्षी वेतन घेतले नाही; एम. ए. होऊन आगरकर वर्षभराने येऊन मिळाले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. आजीव सदस्याने २० वर्षे सेवा करावी, दरमहा ७५ रुपये घ्यावेत, त्याच्या आयुर्विम्याची तरतूद संस्थेने करावी आणि संस्थेचा कारभार सदस्यांनीच पाहावा, अशी ही योजना होती. येथे त्याग आहेच. परंतु त्याच्या जोडीला एक स्पष्ट मागणीही आहे. कमी वेतनाच्या मोबदल्यात या तरुणांनी सेवेची शाश्वती, कुटुंबाला संरक्षण आणि कारभारात अधिकार मिळविला. सरकारने जे दिले नव्हते, ते देणारा धनी त्यांनी स्वतःच निर्माण केला.

मात्र धनी आणि सेवक एकच झाल्याने मूळ प्रश्न सुटला नाही. त्याचे केवळ स्थान बदलले. सर्वांना समान व मर्यादित वेतन असावे, कोणी बाहेरची कमाई करू नये आणि आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, ही टिळकांची भूमिका होती. प्रत्येकाच्या प्रपंचाची गरज निराळी असते, तेव्हा वेतनवाढीचा विचार गरजेनुसार व्हावा, असे आगरकरांचे मत होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वेळेचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. हा वाद व्यक्तींच्या स्वभावभेदाचा होता, तसाच तत्त्वाचाही होता. स्वेच्छेने केलेला त्याग संस्थेचा नियम झाला म्हणजे तो दुसऱ्यावर लादलेली सक्ती ठरतो काय, हा त्याचा गाभा होय.

आणखी एक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. वेतन नाकारण्याची मुभा सर्वांना नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये, अशी मागणी केली. ज्यांच्या घरी पूर्वी कोणाच्याही हाती लेखणी आली नव्हती, त्यांच्या दृष्टीने पुरेसे वेतन हीच स्वातंत्र्याची पहिली अट होती. पुण्यातील पदवीधर वेतनापलीकडे पाहू शकले, त्याचे एक कारण विद्येचा वारसा त्यांच्या घरात आधीपासून होता हे आहे.

तेव्हा या कालखंडाकडे केवळ त्यागाचा इतिहास म्हणून पाहणे अपुरे ठरते. समान वेतन की गरजेनुसार वेतन, संस्थेवरील निष्ठा की व्यक्तीचा स्वतःचा वेळ, हे प्रश्न त्या तरुणांनी प्रथम सरकारला, मग एकमेकांना विचारले. त्यांची उत्तरे एकमुखी नव्हती. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा अल्प वेतन व आजन्म सेवा यांचीच प्रतिज्ञा पुन्हा स्वीकारली गेली. यावरून १८९० च्या वादाने प्रयोगाची मर्यादा दाखविली, तरी त्याचे आकर्षण संपविले नाही, असे म्हणता येईल.