नरिमन प्रकरण (1937)

मुंबई प्रांताच्या विधानसभेतील काँग्रेस पक्षाचे नेतेपद पारशी पुढारी खुर्शेद फ्रामजी नरिमन (1883–1948) यांना न मिळता बाळ गंगाधर खेर यांना मिळाल्यावरून उठलेला वाद.

1935च्या भारत सरकार कायद्याने या विधानसभेच्या 175 जागांपैकी मुसलमानांना 29, भारतीय ख्रिस्त्यांना 3 व अँग्लो-इंडियनांना 2 जागा स्वतंत्र मतदारसंघांतून दिल्या. मुसलमान स्त्रियांची 1 जागा निराळी. पारशांसाठी एकही नव्हती. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता यांच्या काळापासून पारशी पुढारी सर्वसाधारण राजकारणातच वावरले. राखीव जागेचा आधार नसल्याने त्यांची भिस्त लोकप्रियतेवर व पक्षाच्या मर्जीवर राही.

नरिमन यांच्यापाशी लोकप्रियता भरपूर होती. बॅकबे भराव योजनेतील गैरकारभार त्यांनी चव्हाट्यावर आणला. मुंबईचे महापौरपद आणि मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. त्यामुळे 86 जागा जिंकलेल्या काँग्रेसचे नेतेपद त्यांच्याकडेच येणार, असा शहरात समज होता. मार्च 1937 मध्ये निवड झाली ती मात्र खेरांची. वल्लभभाई पटेलांनी सदस्यांवर दबाव आणला, असा आरोप नरिमन यांनी केला. गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी हे पारशी कायदेपंडित यांनी चौकशी करून पटेलांना निर्दोष ठरवले. उलट 1934च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत नरिमन यांनी पक्षाशी प्रतारणा केली, असा निष्कर्ष काढला. नरिमन यांनी तो आधी मान्य केला, मग नाकारला. कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवले.

मौलाना आझादांनी आत्मचरित्रात या प्रकरणाचा दोष जातीय दृष्टीला दिला आहे. तेवढे कारण पुरे पडत नाही. खेर मंत्रिमंडळात डॉ. मंचेरशा गिल्डर हे पारशी मंत्री होते, आणि त्याआधी एप्रिल ते जुलै 1937 या काळात प्रांताचे पहिले मुख्य प्रधान साताऱ्याचे सर धनजीशा कूपर हेही पारशीच; अर्थात ते काँग्रेसचे नव्हते. धर्माइतकाच येथे पक्षश्रेष्ठींशी बेबनाव नडला. पण असा बेबनाव झाल्यावर मागे उभे राहील असे संख्याबळ पारशी पुढाऱ्याकडे नव्हते, हेही तितकेच खरे.

नरिमन 1939 मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले.