पिळाचे कापड आणि रंगाचे यंत्र

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी सुरतेविषयी काहीतरी ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. सुरत आणि इतिहास हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि त्यांवर आमच्या मंडळाच्या अंकांतून यापूर्वी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आम्हांस मात्र एक बादली आठवली. ही बादली आमच्याच न्हाणीघरातली असल्यामुळे तिच्याविषयी आम्ही अधिकाराने लिहू शकतो. बाकीच्या मजकुरास आमची पदवी कलाशाखेची आणि रंगशास्त्राशी आलेला संबंध केवळ सरकारी फायलींमधून व कारखान्यांच्या फेऱ्यांमधून, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९९७ साली केंद्र सरकारच्या सेवेत आमची बदली सुरतेस झाली. पावसाळा सरल्यावर मातोश्री राहावयास आल्या. त्यांच्यापाशी गर्द जांभळ्या रंगाची रेशमी क्रेपची एक साडी होती. आमच्या तीर्थरूपांनी ती मुंबईहून आणलेली, त्यामुळे तिचा मान पैठणीहूनही मोठा. प्रवासात तिच्यावर चहा सांडला. ती धुवावयास मातोश्री बसल्या आणि डाग लवकर निघावा म्हणून कढत पाणी आम्हीच आणून दिले. अपराध आमचा. साडी वाळली तेव्हा लांबी जवळपास होती तेवढीच, परंतु पन्हा वीतभर आखूड! नेसल्यावर काठ घोट्याच्या बराच वर राहू लागला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. हेच अधिक कठीण होते.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात खुर्च्या लावणाऱ्या धरणगावकडच्या एका गृहस्थांशी आमची ओळख झाली होती. उधन्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात ते यंत्र चालवीत. त्यांना साडी दाखविली. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चोळली, उजेडापुढे धरली आणि मातोश्रींना म्हणाले, "माय, ही बिघडली नाही. मोकळी झाली." मग आमच्याकडे वळून, "साहेब, गिरणीतून निघताना हिला ताणून वाळवलेली असते. गरम पाणी मिळालं की ती आपल्या मूळ मापावर जाते."

क्रेप, जॉर्जेट, शिफॉन या जातीच्या कापडांची सगळी मौज पिळात आहे. साध्या सुतास एका मीटरमध्ये काही शे पीळ असतात. क्रेपच्या धाग्यास दोन-तीन हजार. बाण्याचे दोन धागे उजव्या पिळाचे, पुढचे दोन डाव्या पिळाचे, असे आळीपाळीने घालतात. मागावरून उतरते तेव्हा हे कापड सपाटच असते. रेशमाच्या बाबतीत तर नैसर्गिक डिंकाने पीळ जखडून ठेवलेला असतो. साबणाच्या उकळत्या पाण्यात तो डिंक गेला की धागा फुगतो, उलगडू पाहतो, उलगडता येत नाही म्हणून आक्रसतो. आणि उजवा-डावा एकमेकांविरुद्ध ओढत असल्यामुळे कापडभर बारीक रवा उमटतो. हा रवा म्हणजेच क्रेप. मातोश्रींच्या साडीत पीळ केवळ बाण्यात होता, म्हणून पन्हा गेला आणि लांबी वाचली. जॉर्जेट असते तर ताणा-बाणा दोन्हींत पीळ असल्यामुळे दोन्हीकडून नुकसान झाले असते.

पैठणीस किंवा गुळेदगुड्डच्या खणास हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तेथे सूत आधी रंगते आणि मग विणले जाते. विणून झालेल्या, अंगावर रवा, सुरकुती किंवा लव असलेल्या कापडास रंग द्यावयाचा तर मात्र त्या रचनेस धक्का न लावता रंग आत पोहोचवावा लागतो. हाताने रंगविणाऱ्या रंगाऱ्यास ही अडचण जाणवत नसे. त्याच्या कढईत कापड सैल पोहत असे, काठीने वरखाली होत असे. अडचण सुरू झाली ती यंत्रे आल्यावर.

सुरतेच्या कारखान्यांतील यंत्रांचे मूळपुरुष इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले, आणि त्या परगण्याचे दैवत म्हणजे सपाट सुती कापड. एकोणिसाव्या शतकातला जिगर पाहा. खाली निमुळती नांद, वर दोन रूळ. एका रुळावर गुंडाळलेले कापड पूर्ण रुंदीने, ताठ, नांदेतील रंगात बुडून दुसऱ्या रुळावर जाते, तेथून परत. अशा फेऱ्या रंग चढेपर्यंत. पाणी थोडे लागते, एक किलो कापडास तीन ते पाच लिटर. पॉपलिनला, लाँगक्लॉथला याहून सोयीचे यंत्र नाही. परंतु ताणाशिवाय जिगर चालतच नाही, आणि ताण हाच क्रेपचा शत्रू. आमचे धरणगावकर एका वाक्यात सांगत, "जिगरवर क्रेप घेतला की रंग लागतो, क्रेप जातो."

त्या लँकेशायरातल्याच जॉन मर्सर नावाच्या छापकाराची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. १८४४ साली तो सुती फडक्यातून कॉस्टिक सोडा गाळीत होता. गाळणीचे फडकेच आक्रसले, जाड आणि काहीसे पारदर्शक झाले, आणि पुढे रंगही अधिक गडद घेऊ लागले. १८५० मध्ये त्याने या क्रियेचे पेटंट घेतले, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात नमुने मांडले. गिरणीमालकांनी कौतुक केले आणि कापड घेतले नाही. चार वार कापडाचे तीन-सव्वातीन वार होणार असतील तर गडद रंगाचे काय लोणचे घालायचे? १८८९ च्या सुमारास होरेस लो याने कापड ताणून धरून तीच क्रिया केली, आकुंचन टळले, वर रेशमासारखी चकाकी आली. मर्सराइज्ड म्हणून आपण जे घेतो ते हे. मर्सर १८६६ मध्येच वारला होता.

मात्र ज्या आकुंचनास लँकेशायर खोट मानीत होते, त्याच खोटीचा फ्रान्समधील ल्यों शहराने दागिना केला. १८८० च्या दशकात तेथील दपुई बंधूंनी कॉस्टिक सोडा कापडावर ठरावीक नक्षीत लावला. लागला तेवढा भाग आक्रसला, न लागलेला फुगून वर आला, आणि विणकरास न शिवता सुरकुत्यांचे शोभिवंत कापड तयार झाले. सुरकुतीच्या कापडाची हौस तशी आपल्या देशाला नवी नव्हती. इंग्रज ज्याला सिअरसकर म्हणतात तो शब्द मूळ फारसी 'शीर-ओ-शकर', म्हणजे दूध-साखर. एक पट्टी दुधासारखी मऊ, दुसरी साखरेसारखी रवाळ. अठराव्या शतकात हिंदुस्थानातून जाणाऱ्या मालाच्या नावांत तो आढळतो. युरोपीय व्यापाऱ्यांना त्याचा उच्चार साधला नाही, एवढेच.

सैल कापडासाठी यंत्र आले ते विंच. मोठी नांद, वर लंबगोल रहाट. कापडाची दोन टोके शिवून त्याची दोरासारखी माळ करायची आणि रहाटाने ती हळूहळू फिरवायची. कापड बहुतांश वेळ पाण्यात सैल पडलेले, त्यामुळे रवा टिकतो. किंमत पाण्याची. किलोस वीस-तीस लिटर. म्हणजे शंभर किलोच्या एका घाण्यास दोन ते तीन हजार लिटर, तेही तापवलेले, आणि धुण्याचे वेगळे. रेशमी मखमलीस तर विंचही सोसत नाही, तिची लव दबते. तिच्यासाठी चांदणीच्या आकाराची चौकट करून कापडाची कड आकड्यांत अडकवीत आणि एक घडी दुसरीस शिवणार नाही अशा बेताने सगळी चौकट रंगात सोडीत. मखमल महाग का, हे आमच्या सौभाग्यवतींस पटविण्यासाठी हे चित्र आम्ही एकदा कागदावर काढून दाखविले होते. पटले नाही.

हा सगळा खेळ रेशमाचा आणि सुताचा होता तोवर ठीक होते. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टर तंतू शोधला आणि रंगाऱ्याचे गणित उलटले. हा तंतू पाण्याला दाद देत नाही. उकळत्या पाण्यातही त्याची दारे पुरती उघडत नाहीत. प्रारंभी 'कॅरियर' म्हणून उग्र वासाची रसायने घालून ती किलकिली करीत. डोळे चुरचुरत, कापडास वास राही. खरा उपाय म्हणजे १३० अंश सेल्सिअस तापमान, आणि पाणी तेवढे तापवायचे तर ते बंद भांड्यात, वातावरणाच्या सुमारे पावणेतीन पट दाबाखाली. थोडक्यात, प्रेशर कुकर. पण कुकरात डाळ स्थिर असते. येथे आत कापड फिरत राहिले पाहिजे, ताण न बसता फिरले पाहिजे, आणि झाकण तर उघडता येत नाही.

१९६० च्या दशकात आलेल्या जेट यंत्राने हा पेच सोडविला. कापडाची माळ एका अरुंद नळीतून जाते. त्याच नळीत पंपाने रंगाचे पाणी जोरात सोडतात, आणि ते पाणीच कापडास ओढून नेते. रहाटाने ओढण्याऐवजी प्रवाहाने वाहून नेणे, ही कल्पना मोठी. पाणीही विंचाच्या निम्म्याहून कमी. पहिल्या यंत्रांत प्रवाह फार दांडगा असे. फेस होई, माळ गुंते, नाजूक कापडावर घर्षणाचे चट्टे उठत. म्हणून पुढे सॉफ्ट-फ्लो आले, ज्यांत प्रवाह मंद आणि सोबतीला एक फिरता रूळ.

आमच्या मंडळाची पहिली वीस वर्षे आणि सुरतेत पांडेसरा व आसपास रंगाईचे कारखाने वाढले ती वर्षे साधारण एकच. १९८२ साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेस पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाल्यावर असा धागा देशात विपुल झाला, आणि सुरतेच्या मागांवर त्याचे क्रेप व जॉर्जेट निघू लागले. येथील कारागिरांनी या कामाची जी घडी बसविली ती पाहण्याजोगी आहे. मागावरचे कोरे ताके प्रथम ड्रममध्ये घालतात. हा पोलादी पिंप कढत पाण्यासह दाबाखाली गरगर फिरतो, आत कापड उचलले जाते आणि आपटते, आणि घटकाभरात सपाट कापडास रवा फुटतो. रेशमाचा डिंक उकळून काढण्याचे काम येथे आपटण्याने होते. नंतर कॉस्टिक सोड्याने तंतूचा वरचा थर खाऊन काढतात. वजन शेकडा दहा-वीस घटते आणि कापड रेशमासारखे गळू लागते. मर्सरचा सोडा असा दीडशे वर्षांनी तापीकाठी दुसऱ्याच कामाला लागला. मग जेटमध्ये रंग, आणि शेवटी स्टेंटरवर वाळविणे. तेथेही कापड साखळीच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने आत सोडतात, म्हणजे ते सैल राहते. हा 'जास्त' किती, हे ज्याच्या बोटांना कळते त्याचा कापडबाजारात मान असतो.

एका फेरीत आम्ही बिघडलेला घाणा पाहिला आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. मागणी घाईची होती म्हणून १३० अंशांवरून यंत्र झरझर थंड केले. कापड दोराच्या अवस्थेत होते, सावकाश निवण्यास वेळ न मिळाल्यामुळे ज्या घड्या पडल्या होत्या त्या तशाच कायम झाल्या. सगळ्या घाण्यावर उभ्या पांढुरक्या रेघा. मालकांनी पाळीवरच्या माणसाच्या पगारातून पैसे कापले. थंड लवकर करा हा हुकूम कोणाचा, हे आम्ही विचारले तेव्हा चहा आला.

पाळी बारा तासांची. भट्टीशेजारचा उकाडा, ओली जमीन, कायम रंगलेली नखे. ही माणसे कोण? ओडिशाची, उत्तर प्रदेशाची, आणि फार मोठ्या संख्येने आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारची. उधना आणि लिंबायत भागांत अहिराणी सहज कानी पडते. आमच्या मंडळाचे जुने सभासदांचे रजिस्टर या लेखासाठी आम्ही चाळले. बँका, रेल्वे, विमा, हजिऱ्याचे कारखाने, सरकारी खाती, सगळी आहेत. पहिल्या वीस-बावीस वर्षांत रंगाईच्या कारखान्यात काम करणारा एकही सभासद आम्हांस सापडला नाही. व्याख्याने सायंकाळी साडेसहाला. त्यांची पाळी सुटे आठला. वर्गणी एकरकमी घेण्याचा नियम होता. कोणी मुद्दाम कोणाला बाहेर ठेवले असे नाही, परंतु मांडवात खुर्च्या लावणारे आणि खुर्च्यांवर बसणारे वेगळे होते, आणि आम्ही बसणाऱ्यांत होतो. धरणगावकरांना सभासद होण्याविषयी आम्ही १९९९ साली विचारले. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या बायकांच्या साड्या आमच्या हातच्या. एवढी ओळख पुरे." पुढच्या वर्षी मात्र वर्गणी दोन हप्त्यांत घेण्याचा ठराव झाला आणि त्यांचे नाव रजिस्टरात आले. अनुक्रमांक ३१४.

मातोश्रींची साडी त्यांनीच ठीक करून दिली. कारखान्यात नव्हे, आमच्या जेवणाच्या मेजावर. साडी पाण्याच्या हबक्याने दमट केली, उलटी घातली, एका काठावर आमच्या सौभाग्यवतींना आणि दुसऱ्यावर आम्हांला धरावयास सांगितले, आणि मधे ते स्वतः मंद इस्त्री चालवीत राहिले. हातभर करायची, पुढे सरकवायची, पुन्हा हातभर. दोन तास लागले. किती ताणायचे हे ते मधूनमधून कापडावर अंगठा फिरवून पाहत. रवा बोटाला लागेनासा झाला की थांबवीत. पन्हा पुष्कळसा परत आला. चार बोटे गेली ती गेलीच. मातोश्रींनी ती साडी पुढे अकरा वर्षे नेसली, थोडी खाली खोचून.