सच्छिद्र मृत्तिका आणि सजीव पेशी

माठातील पाणी गार राहते, ते त्याच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांमुळे. भाजलेल्या खनिजाची हीच सच्छिद्रता पुढे जीवशास्त्राच्या उपयोगी पडली.

प्राण्याच्या पेशी शरीराबाहेर वाढविण्याचा पाया १९०७ साली रॉस हॅरिसन यांनी घातला. बेडकाच्या भ्रूणातील मज्जातंतू लसीकेच्या थेंबात वाढताना त्यांनी पाहिले. परंतु बहुतेक पेशींना टेकावयास घट्ट भूमी लागते. ती काचेच्या बाटलीने दीर्घकाळ पुरविली. मात्र काचेवर पेशींचा केवळ पातळ थर पसरे. हाडासारखी भरीव वस्तू त्यातून कशी उभी राहणार?

१९७१ साली क्लॅविटर व हल्बर्ट यांनी दाखविले की, सच्छिद्र मृत्तिकेत हाड शिरावयाचे तर छिद्रे परस्परांस जोडलेली आणि सुमारे १०० मायक्रॉनांहून रुंद हवीत. पोवळ्याच्या सांगाड्यात अशी रचना निसर्गतःच आढळते. १९७४ साली डेला रॉय व सारी लिनेहान यांनी उष्णता व दाब यांच्या योगे त्यातील कॅल्शियम कार्बोनेटाचे रूपांतर हाडातील खनिजासारख्या फॉस्फेटात केले. छिद्रांची घडण मात्र अबाधित राहिली.

१९८९ साली ओहगुशी, गोल्डबर्ग व कॅप्लान यांनी उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशी सच्छिद्र मृत्तिकेत भरून हाड नसलेल्या जागी बसविल्या. तेथे नवे हाड निपजले; पेशींवाचून ठेवलेली मृत्तिका रितीच राहिली. २००१ साली इटालियन वैद्यांनी तीन रुग्णांच्या हाडांतील मोठ्या पोकळ्या त्यांच्याच पेशींनी भारलेल्या मृत्तिकेने भरून आल्याचे प्रसिद्ध केले. मृत्तिका आसरा देते. हाड घडवितात त्या पेशीच.