गळ आणि तुंबा

मासे धरण्याच्या कलेचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा झाल्यास पहिला मान एका राजाच्या ग्रंथास द्यावा लागतो. कल्याणीचा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांस तो त्यांतील जुन्या मराठी पदांमुळें परिचित आहे. त्याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. समुद्रांतील मासे कोणते, नदींतील कोणते, कोणास कसलें आमिष रुचतें, दोरी, गळ व काठी कशी असावी, याचें त्यांत विवेचन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

पश्चिमेकडे गळाभोंवतीं पिसें व धागे गुंडाळून त्यास कीटकाचें रूप देण्याची युक्ति निघाली. १४९६ मध्यें छापलेल्या एका इंग्रजी प्रबंधांत अशा बारा कृत्रिम कीटकांची कृति सांगितली आहे. पुढें हा छंद गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर इकडे आला. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ मध्यें ‘दि रॉड इन इंडिया’ हें पुस्तक लिहिलें, आणि १८८७ मध्यें खास तळ्यांतील गळासाठीं दुसरें. तात्पर्य, गळाला राजा मिळाला, साहेब मिळाला व ग्रंथकारहि मिळाले.

आतां या छंदाचें आणखी एक रूप पहा. परदेशांतील लहान सरोवरांत हौशी मनुष्य हवा भरलेल्या कड्यांत बसतो, पायांनीं हळूहळू पाणी मागें सारतो आणि काठावरून जेथें गळ पोंचत नाहीं तेथें तो टाकतो. होडीचा खर्च नाहीं, वल्ह्याचा आवाज नाहीं, म्हणून मासा बुजत नाहीं. ही युक्ति नवी मानली जाते. परंतु तिचें अर्धें अंग फार प्राचीन आहे. ॲसिरियाच्या शिल्पांत फुगविलेल्या कातड्यावर बसून मासे धरणारा मनुष्य कोरलेला आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच होता. तेथील कोळी मोठ्या मडक्याच्या तोंडावर पोट टेकून सिंधु नदींत तरंगत, काठीच्या जाळ्यानें पल्ला मासा धरीत आणि त्याच मडक्यांत टाकीत.

आपल्याकडे हेंच काम वाळलेल्या भोपळ्यानें केलें. दोन तुंबे, ओंडके किंवा होड्या एकत्र बांधून केलेलें तरण्याचें साधन म्हणजे सांगड. आज दोन विचारांची ‘सांगड घालणारे’ आपण सुशिक्षित लोक हा शब्द पाण्यांतून आला हें विसरूनच गेलों आहोंत. मात्र त्या तुंब्यावर मत्स्यविनोदासारखें प्रकरण कोणी लिहिलें नाहीं. त्यावर पोट टेकणाऱ्यास तो विनोद नव्हता, उपजीविका होती. आणि उपजीविकेच्या कौशल्यास आपल्या ग्रंथकारांनीं क्वचितच ग्रंथ बहाल केला. जेम्स हॉर्नेल यांनीं १९४६ मध्यें जलवाहनांच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत तुंबे, मडकीं व कातडीं यांस स्थान दिलें, तेव्हां कोठें त्यांस इतिहासांत प्रवेश मिळाला. आज आपल्या धरणांवर भोपळ्याच्या जागीं मालमोटारीची रबरी ट्यूब आली आहे. बसणारा मात्र तसाच निनांवी आहे.

हा प्रश्न दूरच्या नद्यांपुरता नाहीं. १९७० मध्यें नव्या मुंबईची योजना झाली, आणि ठाणें व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी तिच्या कक्षेंत आल्या. पनवेलजवळचें रोडपाली आज कळंबोलीच्या इमारतींना लागून असून २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेंत मोडतें. गांवाच्या नांवाचें तळें तेथें अद्यापि आहे. असें तळें नकाशावर राखणें हें नगररचनाकाराचें काम होय. परंतु त्यांत कोणते मासे होते, त्यांस कोणत्या नांवानें हांक मारीत, ते कोणत्या साधनानें व कोणत्या ऋतूंत धरीत, हें नकाशा सांगत नाहीं. तें आगरी-कोळी घरांतील वृद्धांच्या जिव्हेवर व हातांत असतें, आणि त्यांच्याबरोबरच जातें. सोमेश्वरानें आपल्या करमणुकीसाठीं जेवढे श्रम घेतले, तेवढे आपण या कष्टाच्या विद्येसाठीं घ्यावयास काय हरकत आहे? वही घेऊन त्या ओटीवर जाऊन बसण्यास राजाचें वैभव लागत नाहीं.