देव सून झाला तेव्हा

मी देवनारहून बोलतेय. बचत गटांचं काम बघते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दर वेळी आपण कर्ज, हप्ते, व्यवसाय यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. पुरुष बाई होतो, बाई पुरुष होते, अशा गोष्टींचा.

हल्लीच्या मुली मोबाईलवर चित्रांच्या गोष्टी वाचतात. त्यातल्या काहींत एखादा मुलगा अचानक मुलगी होतो आणि मग त्याची जी तारांबळ उडते, ती चित्रांतून दाखवतात. जपानच्या रुमिको ताकाहाशी या बाईंनी ‘रानमा’ नावाची अशी चित्रकथा १९८७ ते १९९६ या काळात केली. गार पाणी अंगावर पडलं की तो मुलगा मुलगी होतो, गरम पाणी पडलं की पुन्हा मुलगा. तेव्हापासून अशा किती तरी गोष्टी आल्या. आयांना वाटतं, हे काय नवीन खूळ! पण बायांनो, हे खूळ असेल तर ते नवीन नाही, आणि परदेशातून तर मुळीच आलेलं नाही.

आमच्या देवनारपासून फार दूर नाही, तुर्भ्याच्या पलीकडे समुद्रात घारापुरीचं बेट आहे. तिथल्या लेण्यात सुमारे १४०० वर्षांपूर्वी खडकात कोरलेला अर्धनारीश्वर आहे. उजवं अंग शंकराचं, डावं पार्वतीचं. कोरणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. तिकडे नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. विष्णूने मोहिनीचं रूप घेऊन देवांना अमृत वाटलं, त्या रूपाची तिथे पूजा होते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही याच नेवाशात, इ.स. १२९० साली. महाभारतात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी राजकन्येला नाच शिकवतो. म्हणजे लिंग बदलण्याच्या गोष्टी आपल्या पोथ्यांत, देवळांत आणि कीर्तनांत पहिल्यापासून आहेत.

खरा प्रश्न पुढचा आहे. गोष्टीत पुरुष बाई होतो, तेव्हा तो बाईचं नेमकं काय घेतो? मोहिनी होताना विष्णूने रूप घेतलं. त्या रूपाला भुलून असुरांनी अमृत घालवलं आणि भस्मासुराने स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला. तिथे बाई म्हणजे सौंदर्य, आणि सौंदर्य म्हणजे भुलवणं. ही एक नजर झाली.

दुसरी नजर आहे कऱ्हाडच्या संत सखूच्या गोष्टीत. सासू छळते, नवरा मारतो. कृष्णेच्या काठाने पंढरपूरची दिंडी जाताना सखू घागर ठेवून तिच्यात सामील होते. नवरा तिला ओढत घरी आणतो आणि खांबाला बांधून ठेवतो. तेव्हा विठ्ठल बाईच्या रूपात येतो, तिला सोडवतो, पंढरीला पाठवतो आणि स्वतःला त्या खांबाला बांधून घेतो. पुढे घरचे त्याला सोडतात, आणि सखू परत येईपर्यंत देव त्या घरात सून म्हणून राहतो. पाणी भरतो, दळतो, स्वयंपाक करतो, सासूचं बोलणं ऐकून घेतो. जनाबाईच्या गोष्टीतही तो जात्याला हात लावतो. पण सखूच्या घरी तो नुसता मदतीला आलेला नाही, तो सून झालेला आहे.

या गोष्टीत दोन बारकावे आहेत. पहिला असा, की सुनेला चार दिवस मोकळीक हवी असेल तर तिच्या जागी कुणाला तरी उभं राहावंच लागतं. देवाला हे चुकलं नाही. चमत्कार करून दळण आपोआप दळलं, असं गोष्ट सांगत नाही. दुसरा बारकावा असा, की घरात साक्षात देव वावरतोय आणि घरच्यांना पत्ता नाही. कसा असणार? सुनेच्या तोंडाकडे कुणी पाहतच नव्हतं. हात चालतायत ना, मग झालं. १९४१ साली प्रभातने ‘संत सखू’ हा सिनेमा काढला, त्यात हंसा वाडकर सखू झाल्या होत्या. तुमच्या आज्यांनी तो पाहिलाही असेल.

आता रंगभूमीकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या दिवसाला आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो. त्या नाटकातली सीता पुरुष होता. पुढची कित्येक वर्षं नाटकातल्या सीता, सुभद्रा, शकुंतला बहुतेक पुरुषच होते. घरंदाज म्हटल्या जाणाऱ्या बाईने लोकांसमोर तोंडाला रंग लावायचा नाही, असा दंडक होता. ज्या बाया नाचगाणं करीत, त्या बहुतेक दलित आणि भटक्या जातींतल्या. त्यांचं गाणं लोकांना हवं होतं, पण त्यांना मान द्यायची तयारी नव्हती. म्हणजे सोज्वळ बाई दाखवायची तर पुरुष चाले, आणि खरी कलावंत बाई मात्र बदनाम.

या पुरुषांमध्ये सर्वांत मोठे बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७). त्यांचं गाणं आणि अभिनय यांबद्दल आदरच आहे. त्यांच्या साड्या, दागिने, केसांची ठेवण पाहून शहरातल्या बाया तशी नटायला लागल्या. जरा विचार करा. बाई कशी दिसावी, कशी चालावी, कशी लाजावी, हे एक पुरुष रंगमंचावर दाखवतोय आणि समोर बसलेल्या बाया ते शिकतायत! बाईपण जन्माबरोबर येतं असं आपण म्हणतो, पण त्यातलं बरंचसं शिकलेलं असतं. एक पुरुष ते शिकू शकला, तसंच आपल्याही मुलींना आपण ते शिकवतो. ‘असं बसू नको’, ‘मोठ्याने हसू नको’ म्हणतो, ते काय असतं मग?

सिनेमातही तेच झालं. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाई मिळाली नाही. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर साळुंके रामही झाले आणि सीताही.

पण त्याआधीच एक मोठी गोष्ट घडली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाठोपाठ फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, आणि त्यात दोन बाया पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला मोहिनी झाली. पुरुषाने बाई होण्याची ती गोष्ट, आणि ती दाखवायला पहिल्यांदा खरी मुलगी उभी राहिली! दुर्गाबाई मुलीला घेऊन नाटक कंपनीत राहिल्या, लोकांची बोलणी सोसली, पोट भरलं. ही मुलगी म्हणजे कमलाबाई गोखले, अभिनेते विक्रम गोखले यांची आजी. कमलाबाईंनी पुढे रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या. म्हणजे अदलाबदल दोन्ही बाजूंनी चालली होती. पुरुष बाई झाला त्याचं कौतुक पुस्तकांत भरभरून आहे. बाई पुरुष झाली, तिचं नाव मात्र शोधावं लागतं.

आता आपल्या आठवणीतले सिनेमे. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ कुणाला आठवत नाही? भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन पुरुष साडी नेसतात आणि आपण पोट धरून हसतो. हसण्यात वाईट काही नाही. पण २०१० चा ‘नटरंग’ पाहताना ते हसू गळ्यात अडकतं. आनंद यादव यांच्या कादंबरीतला गुणा हा पिळदार अंगाचा शेतमजूर, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. टाळ्या मिळतात, पण गाव त्याला माणसातून उठवतं आणि त्याच्या अंगावर हात टाकायलाही कचरत नाही. २००९ च्या ‘जोगवा’त तर तायप्पाला इच्छा नसताना साडी नेसवून जोगता करतात.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कलेसाठी बाईचा वेष घेणं वेगळं. देवाच्या नावाने कुणावर तो लादणं वेगळं, आणि तो अन्याय आहे. तिसरं म्हणजे काही माणसांना लहानपणापासूनच आतून ठाऊक असतं, की शरीर एक सांगतंय आणि मन दुसरं. त्यांचं ते सोंग नसतं. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्या खटल्यात आपल्या महाराष्ट्राच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. त्यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीत आहे. आतापर्यंत त्यांची गोष्ट दुसरेच सांगत होते, कुणी भिऊन, कुणी हसून. आता ती माणसं स्वतः बोलतायत. इतिहासात हा फरक मोठा आहे.

हे सगळं आज का सांगितलं? कारण गोष्टीतली नजर घरात उतरते. एखादा मुलगा हळवा असतो, भाकरी थापायला बसतो, हळू बोलतो. लगेच त्याला ‘बायल्या’ म्हणतात. हा शब्द त्या पोराला तर लागतोच, पण आपल्यालाही लागतो. त्याचा अर्थ असा, की बाईसारखं असणं ही शिवी आहे. आपल्याच घरात, आपल्याच तोंडून ही शिवी निघत असेल, तर उद्या मुलगा स्वयंपाकाला हात का लावेल? आणि ज्या पोराचं मन खरोखर वेगळं आहे, ते बोलायला कुणाकडे जाईल?

म्हणून मुलींच्या हातातला मोबाईल लगेच हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा, काय गोष्ट आहे? मग तीन प्रश्न घाला. बाई झालेल्या त्या मुलाला नुसतं रूप मिळालं, की कामही वाट्याला आलं? आपण त्याच्याबरोबर हसतोय, की त्याला हसतोय? आणि बाई झाल्यावर त्याला आपल्याबद्दल काही नवीन कळलं का? तिन्हींची उत्तरं बरी असतील तर गोष्ट चांगली आहे, मग ती जपानची असो की कऱ्हाडची.

गटाच्या पुढच्या बैठकीत वसुली आणि हिशेब झाला की सखूची गोष्ट एकमेकींना सांगा. आणि एक प्रश्न घरी घेऊन जा. तुम्ही चार दिवस वारीला, माहेरी किंवा प्रशिक्षणाला निघालात, तर तुमच्या जागी चुलीपुढे कोण बसेल? देव येईल तेव्हा येवो. तोवर घरातल्या पुरुषांची नावं घ्या आणि कामं वाटून द्या.