वैद्यकाच्या बाडांतील ‘विजया’ : हिरडा कीं भांग ?

जुन्या वैद्यकाचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस ‘विजया’ हा शब्द अपरिचित नाहीं. ग्रहणी, अतिसार, अग्निमांद्य या प्रकरणांतील योगांत तो वारंवार येतो. त्याचा अर्थ कोठें हिरडा व कोठें भांग असा होतो हेंहि बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु प्रस्तुत स्थळीं कोणता अर्थ घ्यावयाचा याचा निर्णय सहसा कोणी करीत नाहीं. कारण बाड वाचणारा त्यांतील औषध घेत नसतो. आम्हांस तें घेण्याचा प्रसंग आला, म्हणून हा शोध करणें भाग पडलें.

तीन वर्षांपूर्वीं आमचें आंतडें एके ठिकाणीं आंतून आवळून गेल्यामुळें शस्त्रक्रिया करून लहान आंतड्याचा शेवटचा भाग व मोठ्याचा आरंभीचा भाग काढून टाकावा लागला. जखम भरली, अन्न चालूं लागलें. पण दिवसांतून सात-आठ वेळां शौचास जावें लागे, पोटांत मुरडा होई, आणि एक तासभर सभेंत बसण्याची शाश्वती उरली नाहीं. ग्रंथालयांत जाण्याचें आम्हीं जवळजवळ सोडलें. ही आमची स्थिति पाहून घाटावरील एक स्नेही आपल्या घराण्यांतील वैद्यकाचें बाड घेऊन आले. हातकागद, देवनागरी लेखन, शेवटचीं पानें फाटलेलीं. लेखनकाळ व लेखकाचें नांव त्यांबरोबरच गेलेलें. त्यांत ‘ग्रहणीस चूर्ण’ या मथळ्याखालीं वीस जिनसा समभाग सांगून पुढें ‘विजया सर्वांस समान’, आणि मग साखर, असा योग होता. स्नेह्यांनीं तो घरीं करून आणला होता. विजया म्हणजे हिरडा असें समजून त्यांनीं बाकीच्या जिनसांइतका हिरडा त्यांत घातला होता.

त्यांस दोष देतां येत नाहीं. भावप्रकाशांत हरीतकीच्या सात जाती सांगितल्या आहेत व त्यांत पहिली विजयाच आहे; ती विंध्य पर्वतांत होणारी व दुध्या भोपळ्याच्या आकाराची. ग्रंथाधार दाखवूनच त्यांनीं आम्हांस चूर्ण दिलें, व आम्हींहि संस्कृत शिकविण्यांत उभा जन्म घालविलेला असूनहि मान डोलावली. चार दिवसांत आमची अवस्था अशी झाली कीं डॉक्टरांनीं प्रथम तें चूर्ण बंद केलें व मग त्यांत काय होतें तें विचारलें.

अंथरुणावर पडल्या पडल्या शार्ङ्गधरसंहितेचा मध्यम खंड काढला. चूर्णांच्या अध्यायांत जातीफलादि चूर्ण आहे तें बाडाशीं ताडून पाहिलें. जायफळ, लवंग, वेलदोडे, तमालपत्र, दालचिनी, नागकेशर, कापूर, चंदन, तीळ, वंशलोचन, तगर, आंवळकाठी, तालीसपत्र, पिंपळी, हिरडेदळ, जिरें, चित्रक, सुंठ, वावडिंग, मिरें : वीसच्या वीस जिनसा त्याच क्रमानें जुळल्या. शार्ङ्गधर पुढें या सर्वांइतकी ‘भंगा’ घेण्यास सांगतो, व भांगेसह होणाऱ्या एकंदर चूर्णाइतकी साखर. बाडकारानें ‘भंगा’ काढून ‘विजया’ घातली, एवढाच काय तो पाठभेद. हिरडा या यादींत पंधरावा येऊन गेलेलाच होता. मग तोच पुन्हां सर्वांस समान कसा येईल ? हा प्रश्न वाचतांक्षणीं सुचावयास पाहिजे होता. तो सुचण्यास चार दिवसांचें प्रायश्चित्त घ्यावें लागलें.

हिशेब केला असतां ऐंशी भागांत वीस भाग भांग येते, म्हणजे एकंदराचा चतुर्थांश. शार्ङ्गधराची मात्रा एक कर्ष, म्हणजे सुमारें एक तोळा, ती मधांतून. तेव्हां एका वेळीं पाव तोळा भांग पोटांत जाते. ही मात्रा हलकी नव्हे. शार्ङ्गधरानें व्यवायि द्रव्यांचें, म्हणजे पचण्याच्या आधींच सर्व शरीरांत पसरणाऱ्या द्रव्यांचें, उदाहरण म्हणून भांग व अफू हींच दोन दिलीं आहेत, हें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां या द्रव्याचा वैद्यकांत प्रवेश केव्हां झाला तें पाहूं. भंगा हें नांव फार जुनें आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत तें संकटांतून सोडविणाऱ्या वनस्पतींमध्यें येतें. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत तीळ, माष यांच्याबरोबर भंगेच्या शेताचें नांव कसें साधावें तें सांगितलें आहे. अमरसिंहानें मातुलानी व भंगा हे पर्याय वैश्यवर्गांत धान्यांच्या ओळींत बसविले आहेत. म्हणजे हें शेतांत पिकविण्याचें झाड होतें. नशेचा वा औषधाचा यांत उल्लेख नाहीं. चरक-सुश्रुतांच्या ग्रहणी व अतिसार यांच्या चिकित्सेंत भांग नाहीं. ती अकराव्या-बाराव्या शतकांत वंगसेनासारख्या संग्रहकारांच्या ग्रंथांत दिसूं लागते, चौदाव्या शतकांत शार्ङ्गधरांत स्थिरावते, आणि भावमिश्र सोळाव्या शतकांत तिचे गुण सांगतांना ‘ग्राहिणी’ असें स्पष्ट म्हणतो. भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया हे पर्याय त्यानेंच दिले आहेत. एकाच निघंटूंत विजया दोन ठिकाणीं दोन द्रव्यांचें नांव व्हावें, ही बाडकारांच्या घोटाळ्याची मूळ खाण होय.

हल्लीं असें म्हटलेलें ऐकूं येतें कीं आपले प्राचीन शल्यवैद्य पोट कापल्यानंतर भांग देत असत. यास आधार नाहीं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायांत बद्धगुद व परिस्रावी उदरासाठीं पोट डावीकडे चिरून आंतडें बाहेर काढून पाहण्याचा, फाटलेल्या आंतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्यानें जोडण्याचा व नंतर पोट शिवण्याचा विधि आहे. पुढील उपचारहि दिला आहे : ज्येष्ठमध मिसळलेल्या काळ्या मातीचा लेप, वारा नसलेलें घर, तेलाच्या अथवा तुपाच्या द्रोणींत बसविणें, आणि दुधावर ठेवणें. भांग त्यांत कोठेंहि नाहीं. ग्रहणीवर भांग ही मध्ययुगीन वैद्यांची गोष्ट, तिला सुश्रुताच्या माथीं मारूं नये.

युरोपीय वैद्यकांत ती नेली ती ओशॉनेसी यानें. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील या अध्यापकानें १८३९ सालीं गांजावरील निबंध प्रसिद्ध केला. जनावरांवर प्रयोग करून मग संधिवात, धनुर्वात व पटकी यांच्या रोग्यांस तें औषध दिलें. संस्कृत ग्रंथांची माहिती त्यास मधुसूदन गुप्त व कमलाकांत विद्यालंकार यांच्याकडून मिळाली, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. पुढें १८९३-९४ च्या सरकारी कमिशनानें १,१९३ साक्षी घेतल्या. त्यांत अतिसार, आंव व अग्निमांद्य यांवर भांग देत असल्याचें सांगणारे अनेक आहेत. त्या साक्षींचे खंड घरगुती औषधांच्या शोधकानें अवश्य चाळावे.

‘ग्राहिणी’ याचा उलगडा गेल्या साठ वर्षांत झाला. मादक सत्त्व १९६४ सालीं इस्रायलांत शुद्ध स्वरूपांत निराळें काढण्यांत आलें. तें ज्या ग्राहकांवर बसतें ते मेंदूंत आहेत तसेच आंतड्याच्या मज्जाजालांतहि आहेत. तेथें तें आंतड्याची गति मंद करतें. शरीर स्वतः निर्माण करीत असलेलें तशाच गुणाचें द्रव्य १९९२ सालीं सांपडलें, तेव्हां शोधकांनीं त्याचें नांव आपल्या ‘आनंद’ शब्दावरून ठेविलें. संस्कृताच्या जुन्या शिक्षकास याचा थोडा अभिमान वाटल्यास क्षमा असावी.

पण गति मंद होणें म्हणजे रोग बरा होणें नव्हे. आंतड्यास व्रण पडणाऱ्या क्रोन नांवाच्या रोगाच्या २१ रोग्यांवर इस्रायलांत केलेली चांचणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. गांजा ओढणाऱ्या ११ पैकीं ५ जणांचा रोग आठ आठवड्यांत शमला, सत्त्वहीन पाला ओढणाऱ्या १० पैकीं एकाचा. संख्या इतकी थोडी कीं हा भेद योगायोगाचाहि असूं शकेल. पोटांतील दाहाची रक्तांतील खूणहि बदलली नाहीं. उलट कॅनडांतील ३१३ रोग्यांच्या २०१४ च्या पाहणींत, सहा महिन्यांहून अधिक काळ हें द्रव्य घेणाऱ्या क्रोनच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया होण्याचें प्रमाण अधिक आढळलें. मुळांत अधिक आजारीच त्याकडे वळले असतील; तरी त्यांस मुरडा कमी वाटत असतां आंतील रोग वाढत नव्हता असें कोण सांगेल ?

आमच्या व्याधीचें कारण निराळेंच निघालें. लहान आंतड्याचा जो शेवटचा भाग गेला तोच पित्तांतील आम्लें परत शोषून घेतो. (पित्त म्हणजे येथें यकृताचा स्राव, त्रिदोषांतील नव्हे.) तीं मोठ्या आंतड्यांत उतरून पाणी सोडवीत होतीं. तीं धरून ठेवणारी कोलेस्टिरामीनची पूड दिल्यावर आठवड्यांत अंतर पडलें. भांग आम्हीं घेतली नाहीं. डॉक्टरांची संमति नव्हती, आणि औषधांच्या कायद्याखालील नियमांत आयुर्वेदीय विषद्रव्यांची जी यादी आहे तींत भंगा आहे. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध झाले. नुसतें पान त्या व्याख्येंतून सुटलें तरी त्याचें नियमन राज्यांकडे आहे. जातां जातां सांगतों : त्याच विषांच्या यादींत गुंजाहि आहे, आणि घाईच्या मोडींत ‘गांजा’ व ‘गुंजा’ यांत अंतर काना व उकार एवढेंच.

बाड वाचणारांस आमच्या अनुभवानें मिळालेल्या खुणा अशा. योगांत हिरडा, पथ्या किंवा अभया आधींच आली असेल तर विजया बहुधा भांग समजावी. इंद्राशन, मातुलानी हे शब्द जवळपास असतील तर संशय नकोच. ‘बीं काढून’, ‘दळ’, ‘साल’ असें असल्यास हिरडा. ‘हिरवें पाणी जाईपर्यंत धुऊन’ असें असल्यास भांग. केवळ ‘तुपांत परतून’ यावरून कांहीं ठरत नाहीं, कारण बाळहिरडाहि तुपांत परततात. रोगावरूनहि ठरवूं नये; हिरडा चूर्णरूपानें मळ काढतो, पण उकडला असतां ग्राही होतो, असें भावमिश्रच सांगतो.

या खुणांस बाधक असा योग कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याची नक्कल, पुढच्या-मागच्या ओळींसह, कळवावी. स्नेह्यांचें बाड आम्हीं परत केलें आहे. पानावर कांहीं लिहिलें नाहीं, त्या योगाजवळ ‘विजया म्हणजे येथें भांग, वैद्यास विचारल्याविना करूं नये’ एवढी चिठी मात्र घालून ठेविली आहे.