दावा करणारे तिघेच: फसव्या जाहिराती आणि सामूहिक खटल्यांचा इतिहास

आजचा विषय कायद्याचा असला तरी मी कलमांपासून सुरुवात करणार नाही. एका रबरी चेंडूपासून करतो.

१८८९-९० मध्ये युरोपात फ्लूची मोठी साथ आली आणि पुढची काही वर्षं ती परत परत येत राहिली. माणसं घाबरलेली होती आणि डॉक्टरांकडे फारसा इलाज नव्हता. अशा वेळी लंडनमध्ये 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाची वस्तू विकायला आली. रबराचा पोकळ चेंडू, आत कार्बोलिकची पूड, वर एक नळी. नळी नाकाशी धरायची, चेंडू दाबायचा आणि पूड हुंगायची. किंमत दहा शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या मानाने स्वस्त नव्हे. नोव्हेंबर १८९१ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये कंपनीने जाहिरात दिली: दिवसातून तीनदा, असे दोन आठवडे सूचनेप्रमाणे चेंडू वापरूनही ज्याला फ्लू होईल त्याला शंभर पौंड बक्षीस. आमची नियत साफ आहे हे दाखवायला एक हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असंही खाली छापलं होतं.

लुइझा कार्लिल नावाच्या बाईंनी तो चेंडू घेतला, नियमाने वापरला आणि जानेवारीत त्यांना फ्लू झाला. त्यांचे यजमान वकिलीच्या व्यवसायातले. त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली. कंपनीने दाद दिली नाही, म्हणून बाई कोर्टात गेल्या. कंपनीच्या बाजूने उभे होते ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. बचाव असा होता की जाहिरातीतलं बोलणं हे फुशारकीचं असतं, ते कोणी मनावर घेतं का? डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने विचारलं, मग ते हजार पौंड बँकेत कशाला ठेवले होते? बाई जिंकल्या. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलं हा खटला आजही पाठ करतात, करार कसा होतो ते समजून घ्यायला.

मला या गोष्टीतलं दुसरंच टोक महत्त्वाचं वाटतं. बाई कोर्टात गेल्या त्या शंभर पौंडांसाठी. जाहिरातीत बक्षीस नसतं, नुसतं 'फ्लू होणार नाही' एवढंच असतं, तर त्यांचं नुकसान होतं दहा शिलिंग. दहा शिलिंगांसाठी घरात वकील असलेली बाईसुद्धा कोर्टाची पायरी चढली नसती. आणि कंपनीने पुढे काय केलं बघा. निकालानंतर तिने नवी जाहिरात काढली. बक्षीस दोनशे पौंड, अटी जास्त कडक. त्यात तिने लिहिलं की आम्ही हजारो चेंडू विकले, पण शंभर पौंडांवर हक्क सांगायला फक्त तीन माणसं आली, तेव्हा चेंडू गुणकारी आहे हे सिद्धच झालं!

म्हणजे जे गप्प बसले त्यांची गणती कंपनीने 'बरे झाले' या रकान्यात केली. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या एका हिशेबाभोवती फिरतं. न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणत्या रकान्यात मांडायचं?

आता अमेरिकेत जाऊ, कारण या प्रश्नाशी खरी झटापट तिथे झाली. लिस्टरिन तुम्हाला माहीत आहे, गुळण्या करायचं ते औषध. १८७९ साली ते जंतुनाशक म्हणून निघालं आणि जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. १९२० च्या दशकात त्याच्या जाहिरातवाल्यांनी तोंडाच्या वासाला एक भारदस्त वैद्यकीय नाव चिकटवलं, आणि लोकांना आपल्याला एक रोग आहे हे नव्यानेच कळलं. त्याच दशकापासून कंपनी सांगत होती की लिस्टरिनने सर्दी आणि घसादुखी टळते. असं तिने पन्नास वर्षं सांगितलं. १९७२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई सुरू केली. १९७५ मध्ये आदेश निघाला आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. आदेश असा की यापुढच्या जाहिरातींत, सुमारे एक कोटी डॉलर खर्च होईपर्यंत, कंपनीने स्वतःच सांगायचं की लिस्टरिनने सर्दी किंवा घसादुखी टळत नाही आणि तिचा जोरही कमी होत नाही. कमिशनला या वाक्याच्या आधी 'पूर्वीच्या जाहिरातींत सांगितलं होतं त्याच्या उलट' असेही शब्द हवे होते. कोर्टाने म्हटलं, तेवढी नाचक्की नको.

जाहिरातीचं खोटं जाहिरातीनेच खोडायचं, ही कल्पना मोठी आहे. पण पन्नास वर्षं सर्दीसाठी बाटल्या घेणाऱ्यांना काय मिळालं? काहीही नाही. सरकारी यंत्रणा पुढचं खोटं थांबवते. मागचा पैसा परत करणं हे त्या आदेशाचं काम नव्हतं.

मागचा पैसा मिळवायचा तर दावा हवा, आणि एकेकट्याने दावा परवडत नाही. सगळ्यांच्या वतीने एकाने भांडायचं ही रीत तशी जुनी. इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात गावच्या कुळांतली दोघं-चौघं सगळ्यांच्या वतीने जमीनदाराविरुद्ध उभी राहत. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला प्रातिनिधिक दावा त्याच घराण्यातला. अमेरिकेत १९३८ साली फेडरल कोर्टांचे नियम आले, त्यातला तेविसावा नियम या सामूहिक दाव्यांचा. पण पैशाच्या भरपाईच्या दाव्यांत त्याचा ग्राहकाला फारसा उपयोग नव्हता. ज्याने येऊन नाव नोंदवलं त्यालाच निकाल लागू. गप्प बसला तो बाहेर.

१९६६ साली हा नियम बदलला. वरवर किरकोळ वाटणारा बदल होता. आता न्यायालयाने दावा 'क्लास' म्हणून मान्य केला की त्या वर्णनात बसणारा प्रत्येक माणूस आत. ज्याला नको असेल त्याने कळवून बाहेर पडायचं. म्हणजे स्मोक बॉलचा हिशेब उलटा झाला. न बोलणारा आता फिर्यादीच्या रकान्यात आला. साबण, गोळ्या, क्रीम, शाम्पू यांच्यावर पुढे जे शेकडो दावे झाले, त्यांची किल्ली या एका वाक्यात आहे असं माझं मत आहे. (त्याच १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. दोन्हींचा संबंध नाही, पण साल सारखं आहे आणि आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला, एवढं लक्षात ठेवा.)

एक नमुना सांगतो. कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षिकेने पाण्यात टाकून प्यायची गोळी काढली, नाव 'एअरबोर्न'. शाळेतल्या मुलांकडून सर्दी होऊ नये म्हणून बाईंनी स्वतः बनवलेली, हीच जाहिरात. लोकांना मास्तरीण फार आवडली, गोळी तुफान खपली. कंपनी एका वैद्यकीय चाचणीचाही हवाला देत असे. २००६ साली एबीसी वाहिनीच्या बातमीदारांनी शोध घेतला, तर चाचणी करणारी संस्था म्हणजे दोन माणसं निघाली. दवाखाना नाही, शास्त्रज्ञ नाही. सामूहिक दावा झाला आणि २००८ मध्ये २ कोटी ३३ लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीने तो आकडा ३ कोटींपर्यंत गेला. कंपनीने चूक कबूल केली नाही. अशा तडजोडीत ते कलम ठरलेलं असतं, आपल्या लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असतं तसं.

इथवर ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. सुटला नाही, आणि का सुटला नाही हे सांगायला एकच खटला पुरेसा आहे. तो थोडा सावकाश बघू.

गुडघेदुखीवाल्यांना ग्लुकोसामाइन माहीत असेल. अमेरिकेत त्याच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. सांध्यातली कूर्चा नव्याने भरून येते अशा अर्थाचं डब्यावर लिहिलेलं. एनबीटीवाय या कंपनीवर दावा झाला की हे खोटं आहे. गिऱ्हाइकं सुमारे १ कोटी २० लाख. तडजोड झाली. पावती नसेल तर डब्यामागे तीन डॉलर, असेल तर पाच, आणि डब्यांच्या संख्येला मर्यादा. ४७ लाख लोकांना पोस्टकार्डं गेली. आता आकडे ऐका. पैसे मागायला आले ३०,२४५ जण. त्यांना मिळाले एकूण ८,६५,२८४ डॉलर, म्हणजे माणशी साधारण साडेअठ्ठावीस. सूचना आणि कारभाराचा खर्च १५ लाख डॉलर. अस्थिरोगाच्या संशोधनासाठी एका संस्थेला ११ लाख ३० हजार. आणि वकिलांना १९ लाख ३० हजार डॉलर!

१ कोटी २० लाखांतले ३०,२४५ म्हणजे शंभरात पाव माणूस. बाकीचे कुठे गेले? फॉर्म किचकट होता, शपथेवर भरायचा होता, मिळणार दहा-वीस डॉलर. गोळ्यांचा डबा कधीच कचऱ्यात गेलेला. ते गप्प बसले. आणि तडजोडीत लिहिलेलं होतं की न मागितलेला पैसा कंपनीकडेच राहील. बघा, १९६६ च्या नियमाने गप्प माणसाला दारातून आत घेतलं आणि पैसे वाटायच्या वेळी मागच्या दाराने पुन्हा बाहेर काढलं. हक्क मात्र त्याचा संपला, कारण क्लासचा माणूस म्हणून निकाल त्याला बांधील. स्मोक बॉलवाल्यांना निदान एवढं तरी जमलं नव्हतं.

हे प्रकरण अपिलात न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांच्यासमोर आलं, २०१४ साली. याच पोझ्नरांनी दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खटल्यात सामूहिक दाव्याचं सगळ्यात सडेतोड समर्थन केलं होतं. त्यांचं म्हणणं असं की सामूहिक दावा नसेल तर १ कोटी ७० लाख वेगवेगळे दावे होतील असं नाही, एकही होणार नाही, कारण तीस डॉलरसाठी कोर्टात जाईल तो एक तर वेडा नाही तर हटवादी. त्यांनीच आता ही तडजोड रद्द केली. ग्राहक आणि वकील मिळून जो पैसा घेणार होते त्यातला ६९ टक्के वकिलांना जात होता, हे त्यांनी मांडून दाखवलं. डब्यावरचा मजकूर बदलण्याची अटही फक्त तीस महिन्यांची आणि बदल शब्दांचा. गिऱ्हाइकाच्या मनात उमटणारा अर्थ तोच. नंतर नवी तडजोड झाली. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्या काहींनी परस्पर पैसे घेऊन अपील मागे घेतलं, आणि २०२० मध्ये कोर्टाने तो पैसा त्यांच्याकडून काढून घेण्याचा हुकूम दिला. थोडक्यात, न बोलणाऱ्याच्या नावावर बोलणारे पुष्कळ झाले.

आता आपल्याकडे. जादूटोण्याच्या आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा आपला कायदा १९५४ चा. लोकलच्या डब्यातली चिकटपत्रं पाहिली की तो कायदा किती चालतो ते कळतं. १९८६ च्या ग्राहक कायद्यात, सारखं हित असलेल्या अनेकांच्या वतीने एकाने आयोगाच्या परवानगीने तक्रार करायची सोय होती; २०१९ च्या कायद्यातही आहे. पण त्याखाली गाजलेली प्रकरणं बघा, अंबरीश कुमार शुक्ला २०१६, ब्रिगेड एंटरप्रायझेस २०२१. दोन्ही फ्लॅटची. मला याचं नवल वाटत नाही. फ्लॅटवाल्यांची नावं बिल्डरच्या यादीत असतात, नुकसान लाखांत असतं, एकाच जिन्यात ते रोज भेटतात. क्रीमची ट्यूब घेणारे एकमेकांना कुठे भेटणार?

या अनोळखी गिऱ्हाइकासाठी आपल्या कायद्यात एक वेगळी तरतूद आहे आणि ती मला अमेरिकेपेक्षा सरळ वाटते. २००२ च्या दुरुस्तीने सांगितलं की नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असतील आणि सहज ओळखता येत नसतील, तर विकलेल्या मालाच्या किमतीच्या निदान ५ टक्के रक्कम भरायला लावता येईल. २०१९ मध्ये ते प्रमाण २५ टक्के झालं. पोस्टकार्ड नाही, फॉर्म नाही. गप्प माणसाचा वाटा विक्रेत्याकडे न राहता काढून घ्यायचा. चूक सुधारणारी जाहिरात देण्याचा हुकूमही त्याच २००२ च्या दुरुस्तीत आला, म्हणजे लिस्टरिनचाच धडा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या प्रकरणात विचारलं होतं की तुमचा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का, तो प्रश्नही त्याच जातीचा.

पण तरतूद कोणी तरी वापरायला हवी. दिल्लीतल्या एका माणसाने 'फेअर अँड हँडसम' ही क्रीम ७९ रुपयांना घेतली, गोरेपणा काही आला नाही, म्हणून २०१३ मध्ये त्याने इमामी कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली. मंचाने २०१५ मध्ये निकाल दिला. राज्य आयोगाने तो २०१७ मध्ये रद्द करून प्रकरण परत पाठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा आयोगाने पुन्हा निकाल दिला: १५ लाख रुपये दंडात्मक भरपाई, त्यातले साडेचौदा लाख दिल्लीच्या ग्राहक कल्याण निधीत आणि ५० हजार तक्रारदाराला, वर खर्चाचे १० हजार. तक्रार केल्यापासून हा निकाल लागेपर्यंत ११ वर्षं गेली.